शोक, क्षमा आणि प्रीती
(मंडळाच्या वर्धापनदिनी निलंगा येथे दिलेले भाषण)



 दरसाल येथे आरोग्य, बचत, मुलांचे शिक्षण अशा विषयांवर भाषणे होतात. यंदा आमच्या पवित्र शास्त्रातले काही सांगा आणि ते दुःखाविषयी सांगा, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी ख्रिस्ती आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी देवाचे नाव निराळे आहे. कोणाला धर्म शिकविण्यासाठी मी उभी नाही. पण शेजारणीच्या घरची भाजी जशी आपण चाखून पाहतो, तसे हे चार विचार चाखून पाहावेत, एवढीच विनंती.

आपल्याकडे कोणाचे माणूस गेले की आपण भेटावयास जातो. जातो ते चांगलेच करतो. पण गेल्यावर काय बोलतो? "रडू नको, लेकरांकडे बघ." "देवाची इच्छा." "गेलेले माणूस काय परत येणार आहे?" बोलणारीचा हेतू वाईट नसतो. समोरचे दुःख आपल्याला सोसवत नाही, म्हणून ते लवकर झाकावे असे वाटते, इतकेच. पवित्र शास्त्र मात्र शोक करणाऱ्याला अशी घाई करीत नाही.

ईयोब नावाच्या पुरुषाची कथा पाहा. एका दिवसात त्याची गुरेढोरे गेली आणि मुलेबाळेही गेली. त्याचे तीन मित्र दुरून आले. ते त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले व एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच. पुढे ते बोलू लागले, तुझ्याच पापाचे हे फळ असले पाहिजे असे सुचवू लागले, आणि शेवटी देवाचा कोप ईयोबावर न होता त्या शहाण्या मित्रांवर झाला. लाजराच्या कबरेपाशी तर स्वतः येशू रडला. थोड्याच वेळात लाजर जिवंत होऊन बाहेर येणार, हे त्याला ठाऊक होते. तरीही समोर मरिया रडत होती, म्हणून तोही रडला. दुःख उद्या संपणार असले तरी आजचे अश्रू खोटे ठरत नाहीत, हे मी त्यावरून शिकले.

आणखी एक बाई आहे, तिचे नाव रिस्पा. तिची कथा फारशी कोणी सांगत नाही. राजकारणाच्या हिशेबात तिचे दोन तरुण मुलगे मारले गेले आणि त्यांची प्रेते डोंगरावर उघडी टाकली गेली. ती आई तेथे खडकावर गोणपाट अंथरून बसली. सुगी लागल्यापासून पाऊस पडेपर्यंत ती हलली नाही. दिवसा तिने पाखरे हाकलली, रात्री जनावरे हाकलली. तिच्या हाती ना सत्ता होती, ना शस्त्र. पण ही वार्ता दावीद राजाच्या कानी गेली आणि त्या मुलांच्या अस्थी मानाने मातीला दिल्या गेल्या. आईच्या शोकाने राजाला आपले कर्तव्य शिकविले. तेव्हा शोकाला दुबळेपणा म्हणू नये.

भगिनींनो, आपल्या भागाला हे कोणी बाहेरून येऊन सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट येथील प्रौढ बायकांना अजून आठवते. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसे थकून झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास भुई हादरली आणि किल्लारीपासून सास्तूरपर्यंत दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. पुढे गावेच्या गावे नव्या जागी वसली, रुंद रस्ते आले, घरे आली. पण नव्या घरात जुनी माणसे नव्हती. घर बांधून दिले की दुःख संपले, असे सरकारी कागदाला वाटू शकेल. बाईच्या मनाला तसे वाटत नाही. आजही त्या तारखेला एखादी आजी भिंतीला पाठ लावून गप्प बसलेली दिसली, तर "इतकी वर्षे झाली की" असे तिला म्हणू नका. तिच्याजवळ बसा.

आता क्षमेकडे वळते. हा विषय अवघड आहे, आणि त्याविषयी मला माझ्या अनुभवातले सांगितलेच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी माझे यजमान सायकलवरून घरी येत असताना एका भरधाव जीपखाली सापडून गेले. तेरा-चौदा दिवस होतात न होतात तोच चार वडीलधारी माणसे माझ्याकडे आली. जीप चालविणारा मुलगा तरुण होता, त्याचे लग्न ठरले होते. मी जबाब थोडा सैल करावा, पैसे घ्यावेत आणि प्रकरण मिटवावे, असे त्यांचे म्हणणे. त्यांतले एक गृहस्थ शेवटी म्हणाले, "बाई, तुमच्या धर्मात तर क्षमाच सांगितली आहे."

त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. क्षमा सांगितली आहे, हे खरेच. किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का, असे पेत्राने विचारले तेव्हा येशूने त्याला मोजदाद सुटावी इतका मोठा आकडा सांगितला. पण क्षमा म्हणजे खोटे बोलणे, असे त्याने कोठेही सांगितलेले नाही. मी योसेफाची कथा पुन्हा वाचून काढली. भावांनी त्याला परदेशी व्यापाऱ्यांना विकले होते. पुढे दुष्काळात तेच भाऊ धान्यासाठी त्याच्या दारी आले. त्याने त्यांना क्षमा केली, पण आल्याआल्या केली नाही. धाकट्या भावाच्या बाबतीत ते पुन्हा तसेच वागतात की काय, हे त्याने पारखून पाहिले. मध्येच खोलीत जाऊन तो रडला. ओळख दिल्यावर तुम्ही मला विकले होते, हे त्याने त्यांना स्पष्ट सांगितले आणि मग त्यांना गळ्याशी धरले. जक्कय नावाच्या कर वसूल करणाऱ्याचेही तसेच. येशू त्याच्या घरी पाहुणा गेला, तेव्हा ज्याला फसविले त्याला चौपट परत देईन, असे तो उठून बोलला. क्षमेच्या घरात सत्य आधी येते.

मी न्यायालयात जे ठाऊक होते तेवढेच सांगितले. कमी सांगितले नाही, वाढवूनही सांगितले नाही. निकाल लागल्यावर बऱ्याच महिन्यांनी त्या मुलाची आई एकटीच माझ्या दारी आली. ओट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. "बाई, माझ्या पोराने तुमचं घर मोडलं," एवढेच बोलली. आधी आलेल्या चौघांपैकी एकानेही हे वाक्य उच्चारले नव्हते. मी तिला पाणी दिले. दोघी बराच वेळ तशाच बसलो. माझ्या मनातली गाठ त्या दिवशी सैल होऊ लागली. पुरती सुटावयास आणखी काळ लागला.

म्हणून सांगते, "झाले गेले गंगेला मिळाले" हे वाक्य ज्याने अन्याय केला त्याने म्हणावयाचे नसते. भावाने वाटणीत फसविले, सासरी मारहाण झाली, अशा वेळी बाईला लगेच "सोडून दे" म्हणणे ही क्षमेची शिकवण नव्हे. मार खाण्यासाठी पुन्हा त्याच घरात जा, असे क्षमा सांगत नाही. सूड मनातून काढावा. सत्य आणि स्वतःचे रक्षण सोडू नये.

आपल्या महाराष्ट्रातल्या दोन ख्रिस्ती स्त्रिया या बाबतीत मला वाट दाखवितात. पहिल्या लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या कित्येक वर्षे पतीपासून दूर राहिल्या, रडल्या, रागावल्या. पुढे एकत्र राहू लागल्या तेव्हाही त्यांनी आपले सोवळेओवळे आपल्या बुद्धीला पटेपर्यंत सोडले नाही. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. पतीच्या निधनानंतर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला दिसते, की तेथे पतीचे दोष लपविलेले नाहीत आणि कटुताही नाही. दोन्ही एकत्र राहू शकतात.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीण गेली. आईला स्मशानात न्यावयास माणसे पुरेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः तिरडीला हात लावला. उंची कमी, म्हणून आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली पती गेले, तेव्हा मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि शारदासदन काढले. १८९३ साली त्यावरून मोठे वादळ उठले, सल्लागार मंडळींनी संबंध सोडले, वर्तमानपत्रांनी झोडपले. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्या समाजाने त्यांना दूर लोटले, त्याच समाजाच्या उपाशी मुलींना आणावयास त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यांतूनच केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. गुलबर्गा तेव्हा आपल्यासारखेच निजामाच्या राज्यात होते; तेथेही त्यांनी मनोरमाबाईंच्या मदतीने शाळा काढली. १९२१ च्या जुलैत ती एकुलती एक मुलगीही गेली. रमाबाई हिब्रू व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करीत होत्या, ते काम त्यांनी सोडले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा ते पूर्ण झालेले होते.

रमाबाई आपले दुःख विसरल्या, असे मी म्हणणार नाही. भुकेने मेलेल्या आईची आठवण ज्या मुलीच्या मनात होती, तिलाच दुसऱ्याच्या उपाशी मुलीची हाक ऐकू आली. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात प्रीतीचे लक्षण सांगितले आहे. ती सोशीक असते, ती अपकारांचा हिशेब ठेवीत नाही, पण अन्यायात तिला आनंदही वाटत नाही. तिला सत्याचा आनंद होतो. या सर्व गोष्टी करावयाच्या आहेत, नुसत्या वाटावयाच्या नाहीत. वधस्तंभावर प्राण जात असतानाही येशूने आईची सोय लावली, तिला आपल्या शिष्याच्या हाती सोपविले. त्या क्षणी त्याची प्रीती आईच्या निवाऱ्याची चिंता करीत होती.

आता आपल्या मंडळाने काय करावे? मला तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. दुःखाच्या घरी तेराव्यापर्यंत सगळेच जातात. आपण त्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जावे, आणि बोलण्यापेक्षा अधिक ऐकावे. दुसरे, पती गेलेल्या बाईला वारसाची नोंद, सातबारा, निवृत्तिवेतन यांसाठी तहसील कचेरीत हेलपाटे पडतात. तिच्यासोबत आपल्यापैकी एक तरी बाई जावी. तिसरे, हळदीकुंकवाला तिला प्रथम बोलवावे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवांना अपमानित करणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक खेडे हे करू शकते, तर आपल्या निलंग्याला काय अवघड आहे?

आणि एखादी बहीण अजून क्षमा करू शकत नसेल, तर तिला पापी ठरवू नका. तिचे म्हणणे कोणीतरी आधी ऐकून घेतले पाहिजे. क्षमा त्यानंतर, तिच्या पायांनी चालत येईल.

 मंडळाचा असाच उत्कर्ष होवो, आणि दुःखी बाईला या गावात बसावयास एक हक्काचा ओटा मिळो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.