परीक्षा भाषेची, अभ्यास संस्कृतीचा



ज्या भाषाशिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांनी आयुष्यभर वर्गात जे केले त्याच्याशी निगडित विषय मी निवडला आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्पॅनिशच्या परीक्षांविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु स्पॅनिशच्या शिक्षकांना जो प्रश्न सोडवावा लागला, तो महाराष्ट्राबाहेर मराठी शिकविणाऱ्या इंदूरच्या आपल्या शाळेलाही टाळता येणार नाही. विद्यार्थ्याला भाषा येते हे कशावरून ठरवायचे आणि त्या कसोटीसाठी त्याची तयारी कशी करून घ्यायची, हा तो प्रश्न.

स्पॅनिश भाषेची ‘देले’ ही प्रावीण्यपरीक्षा स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने ‘इन्स्तितुतो सेर्वान्तेस’ ही १९९१ मध्ये स्थापन झालेली संस्था घेते. तिच्या सहा पातळ्या आहेत. त्यांपैकी बी-१ आणि बी-२ या मधल्या पातळ्यांवर वाचन व लेखन यांची एक जोडी आणि श्रवण व संभाषण यांची दुसरी जोडी असते. प्रत्येक जोडीस ५० गुण, आणि प्रत्येकीत किमान ३० मिळाल्याखेरीज उत्तीर्ण होता येत नाही. लेखनातील प्रभुत्वाने संभाषणातील उणीव भरून निघत नाही, हे त्यातले मर्म.

या परीक्षेत ‘संस्कृती’ नावाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाही. मात्र याच संस्थेने २००६-०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासक्रम-आराखड्यात व्याकरणाच्या जोडीने तीन याद्या दिल्या आहेत : सांस्कृतिक संदर्भ, सामाजिक व्यवहाराचे ज्ञान आणि दोन संस्कृतींमध्ये वावरण्यासाठी लागणारी कौशल्ये व वृत्ती. या याद्या शोभेसाठी नाहीत. त्यांची गरज प्रत्यक्ष उत्तर लिहिताना कशी पडते, ते पाहू.

पत्रलेखन घ्या. स्पॅनिशमध्ये जवळच्या माणसाला ‘तू’ आणि आदराने ‘उस्तेद’ म्हणतात, एवढे पुस्तकात असते. पण अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘वोस’ ऐकू येते, आणि कोलंबियाच्या काही भागांत घरच्या माणसांतही ‘उस्तेद’ वापरतात. तेव्हा ‘उस्तेद’ म्हणजे दुरावा, असे सरसकट समीकरण मांडणारा विद्यार्थी ध्वनिफितीवरील मायलेकींचे संभाषण ऐकून त्या परक्या असल्याचे ठरवील. त्याला शब्द सगळे कळलेले असतील. नाते तेवढे कळलेले नसेल. आपल्याला हे समजणे कठीण नाही. हिंदीतील ‘तुम’ आणि मराठीतील ‘तुम्ही’ कानाला किती जवळचे! पण वडीलधाऱ्यांना मराठीत ‘तुम्ही’ चालते आणि हिंदीत ‘आप’ लागते, हे इंदूरचे मराठी मूल व्याकरणातून शिकत नाही. ते दोन घरांत वावरून शिकते.

शब्दांचेही तसेच आहे. ‘तोर्तिया’ म्हणजे स्पेनमध्ये अंडी व बटाट्याचा जाड पोळा. मेक्सिकोत तीच मक्याची पातळ भाकरी. बटाट्याला स्पेनमध्ये ‘पाताता’ म्हणतात, तर लॅटिन अमेरिकेत ‘पापा’. हा दुसरा शब्द अँडीज पर्वतातील केचुआ भाषेतून आलेला. कोशात हे केवळ पर्याय दिसतात. चांगला शिक्षक त्यांतून एका खंडाचा इतिहास उलगडतो, आणि मग तो शब्द विद्यार्थी विसरत नाही.

अमेरिकेत ‘कॉलेज बोर्ड’ने शालेय विद्यार्थ्यांसाठीची ‘स्पॅनिश भाषा आणि संस्कृती’ ही परीक्षा २०१४ पासून नव्या स्वरूपात घेतली, तेव्हा तीत एक तोंडी प्रश्न ठेवला. स्पॅनिशभाषक समाजातील एखाद्या प्रथेची विद्यार्थ्याने आपल्या परिचयाच्या समाजाशी तुलना करायची. तयारीस ४ मिनिटे, बोलण्यास २. माझी नात तेथे या परीक्षेची तयारी करीत असताना मी तिच्याकडे मुक्कामास होतो. तिने मेक्सिकोतील ‘मृतांचा दिवस’ निवडला होता. १ आणि २ नोव्हेंबरला घरात मांडली जाणारी आरास, तीवरील दिवंगतांची छायाचित्रे, झेंडूची फुले, त्या दिवसांसाठी भाजलेला खास पाव, ही माहिती तिला मुखोद्गत होती. पुढे तिने लिहिले होते, ‘आमच्या पितृपक्षासारखेच.’ शिक्षिकेने त्या वाक्याखाली रेघ ओढून विचारले होते, ‘वेगळे काय?’

येथे मुलगी अडखळली. अडली ती मेक्सिकोपाशी नाही, पितृपक्षापाशी. मग आम्ही दोघे बसलो. दोन्हीकडे मृतांच्या आवडीचे पदार्थ करतात, हे साम्य. पण तेथे कुटुंब थडग्यापाशी जमते, तेथे गाणे-बजावणेही होते. आपल्याकडे दहन असल्यामुळे जाण्यासारखे थडगे नाही. म्हणून स्थळाऐवजी तिथी महत्त्वाची ठरली असावी. तेथे त्या दिवसांना सणाची कळा असते, आपल्याकडे त्या पंधरवड्यात मंगलकार्य टाळतात. आणि गंमत अशी, की आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. दोन मिनिटांच्या उत्तरास आणखी काय हवे? शिक्षिकेच्या एका प्रश्नाने नातीला स्पॅनिशमध्ये बोलण्याजोगे काही मिळाले, आणि स्वतःच्या घराकडे पाहण्याची दृष्टीही.

अशा पाठांत एक धोका संभवतो. संस्कृती म्हणजे भिंतीवरील चित्रे, असे ठरून गेले की स्पेन म्हणजे बैलांची झुंज, असे छापील उत्तर तयार होते. वास्तविक त्या झुंजीवर तेथेच मोठा वाद आहे. कॅटलोनियाच्या विधिमंडळाने २०१० मध्ये तिच्यावर बंदीचा कायदा केला, २०१२ पासून तो अमलात आला, आणि २०१६ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने तो रद्द ठरविला. हा वाद वर्गात मांडला तर विद्यार्थी वर्तमानपत्र वाचतो, दोन्ही बाजू ऐकतो आणि आपले मत परभाषेत मांडू लागतो. म्हणजे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण या चारही अंगांची तयारी एका पाठात होते.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या मुलांना मराठी विषयात गुण मिळतात. परंतु त्यांतील किती मुले आजीला पत्र लिहू शकतात, समारंभात चार अनोळखी माणसांशी मराठीत बोलू शकतात? माझी सूचना साधी आहे. वर्षातून निदान सहा पाठ असे घ्यावेत, की ज्यांत मुलाने आपल्या घरची एक रीत आणि शेजारच्या माळवी किंवा सिंधी घरातील तशीच रीत पाहून यावी, दोहोंतील साम्य व भेद मराठीत दोन मिनिटे सांगावा, आणि ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारावेत. त्यास पाठ्यपुस्तक लागत नाही; घरातील वडीलधाऱ्यांचा वेळ मात्र लागतो. माजी विद्यार्थ्यांनी तो द्यावा, अशी माझी विनंती आहे.