हौसेची टोपी आणि कष्टाचे हात



संप आणि बोनस यांवर बोलणारा हा माणूस यंदा बायकांच्या रंगीबेरंगी हॅटवर बोलणार, हे कळल्यावर आमच्या संघटनेतल्या मंडळींनी विचारले, "अण्णा, या वयात हे काय सुचले?" प्रश्न रास्त आहे. आपल्या भाषेत टोपी घालणे म्हणजे फसवणे, आणि कामगारांना घातलेल्या टोप्या उतरवणे हाच माझा जन्माचा धंदा. परंतु कामगार चळवळीचा इतिहास वाचता वाचताच मी पॅरिसच्या टोप्यांपाशी येऊन पोहोचलो.

प्रथम ही टोपी घडते कशी ते पाहू. लोकर किंवा सशाचे केस दाबून फेल्ट करतात. ते वाफेवर धरले की मऊ पडते. मग लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवायचे, वाळू द्यायचे, काठात बारीक तार शिवायची, आतून फीत लावायची. एवढी झाली घडण. रचनेची खरी परीक्षा यापुढे आहे. काठ रुंद केला तर चेहऱ्यावर सावली पडते. म्हणून कुशल कारागीर काठाच्या खालच्या बाजूला फिका रंग लावते, त्याची आभा गालावर येते. टोपी किंचित कलती ठेवली की चेहऱ्याला चैतन्य येते, फार कलली की तमाशा होतो. रंग किती, यापेक्षा कोणता रंग कुठे थांबला, यावर डौल ठरतो.

आता खेळकरपणा. चित्रकार साल्वादोर दाली याने १९३३ मध्ये बायकोचा जोडा डोक्यावर ठेवून फोटो काढून घेतला होता. त्या कल्पनेवरून एल्सा स्किआपारेल्ली या पॅरिसमधल्या इटालियन बाईंनी १९३७-३८ च्या हिवाळ्यासाठी चक्क उलट्या जोड्याच्या आकाराची टोपी काढली. काळी टोपी, टाच आभाळाकडे. एका नमुन्यात ती टाच भडक गुलाबी. जोडा डोक्यावर! आपल्याकडे यावरून मारामारी झाली असती. पण गंमत अशी की, ही थट्टा साधली ती शिवण काटेकोर होती म्हणून. टाके ढिले असते तर तो नुसता पाचकळपणा ठरला असता. विनोदाला शिस्त लागते, हे वक्त्यांनीही ध्यानात ठेवावे!

ही शिस्त कोणाच्या बोटांत होती? टोप्या आणि कपडे शिवणाऱ्या हजारो मुलींच्या. पहिल्या महायुद्धात, मे १९१७ मध्ये, पॅरिसच्या एका वस्त्रगृहाने शनिवारी दुपारी काम बंद ठेवून त्या वेळेची मजुरी कापायचे ठरवले. मुली उठल्या आणि रस्त्यावर आल्या. मागण्या दोन : मजुरी न कापता शनिवारची अर्धी सुट्टी आणि महागाईभत्ता. दुसऱ्या वस्त्रगृहांतल्या मुली आल्या, टोप्या करणाऱ्याही आल्या. ज्यांना लोक फुलपाखरे म्हणत त्यांनी भर युद्धात मालकांना वाटाघाटीस बसवले. ११ जून १९१७ रोजी वस्त्रव्यवसायातील स्त्रियांना शनिवार दुपारची सुट्टी देणारा कायदा झाला.

याच मुलींचा एक सण आहे. २५ नोव्हेंबर, संत कॅथरिनचा दिवस. पंचविशी गाठलेल्या अविवाहित मुलीसाठी तिच्या मैत्रिणी टोपी करतात, हिरव्या आणि पिवळ्या रंगाची, वाटेल तितकी चमत्कारिक. आपल्याकडे हळद आणि हिरवा चुडा हे लग्नाचे रंग. तिथे तेच लग्न न झालेलीच्या माथ्यावर. या प्रथेत बोचरी थट्टा होती, हे मी नाकारत नाही. परंतु वर्षभर परक्या डोक्यांसाठी राबणारे हात त्या दिवशी आपल्यातल्या एकीसाठी टोपी करीत, आणि मनसोक्त करीत. पॅरिसच्या काही वस्त्रगृहांत हा सण आजही होतो.

शेवटी एक कबुली देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यातल्या भगिनींनी मागणीपत्रात एक कलम घातले होते : गणवेशाच्या साडीचा रंग आम्हांला निवडू द्या. ते कलम मी माझ्या हाताने खोडले. म्हटले, आधी भाकरी, मग रंग. भाकरीचा करार झाला. रंगाचा विषय पुन्हा निघाला नाही. त्यांनी काढला नाही आणि मीही विचारले नाही. आज वाटते, पोटासाठी लढणाऱ्याला डोळ्यांची भूक नसते, हे मला कोणी सांगितले होते? मालकाने त्यांना रंग विचारला नव्हता. पण मीही विचारला नाही, हे मला जास्त लागते.

हॅट आपण घालू वा न घालू. पण सुंदर वस्तू करणाऱ्या हातांना त्या सौंदर्यात वाटा हवा, हे मागणीपत्राचे कलम आहे, चैन नव्हे. ते खोडण्याचा अधिकार मला नव्हता.