वेठीस कोण कोणाला धरतो?

(तळेरे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मी अर्थशास्त्राचा शिक्षक. अलंकारांवर बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. तथापि उपमा-रूपके ही केवळ कवींची मिरासदारी नाही. भाव 'कडाडतात', महागाई 'भडकते', रुपया 'घसरतो', ही सारी रूपकेच होत. वीज कडाडते, वणवा भडकतो, पाय घसरतो. कोणी मुद्दाम काही केले असे त्यांतून ऐकूच येत नाही. साठेबाज अशा वाक्यांतून अलगद निसटतो. वर्गात मीही वर्षानुवर्षे हीच भाषा वापरली.

आज मात्र एकाच प्रयोगाविषयी बोलणार आहे : 'वेठीस धरणे'.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्या दिवसांत इथल्याच नाक्यावर मी तास-दीड तास वाहनाची वाट पाहत उभा होतो. वैतागून शेजारच्या गृहस्थांना म्हणालो, 'या लोकांनी जनतेला वेठीस धरले आहे.' बोलून गेलो, आणि माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले.

वेठ म्हणजे सक्तीचे, विनामोबदला श्रम. शब्द संस्कृत 'विष्टि'पासून आलेला. पण कोकणाने तो पुस्तकात वाचला नाही, पाठीवर वाहिला. खोताच्या शेतावर कुळाने आधी फुकट राबायचे आणि मग स्वतःच्या तुकड्याकडे वळायचे, भले तोवर लावणीचे दिवस सरून जावोत! कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे संप केला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठ निषिद्ध ठरवली, तरीही १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध निराळा कायदा करावाच लागला.

म्हणजे वेठीस धरणारा बळकट आणि धरला जाणारा दुबळा. संपकरी तर काम देण्याचेच नाकारतो; वेठीच्या हे नेमके उलट! चरीच्या कुळांनी जमीनदारांना वेठीस धरले, असे म्हणून पाहा. हसू येईल. एस. टी.च्या चालकाविषयी तेच वाक्य आपण न हसता छापतो आणि वाचतो.

'वेठ मारणे' हा त्याचाच भाऊबंद. मन न घालता काम उरकणे, असा त्याचा अर्थ. शाळेत आम्ही तो आळशी पोरांना लावला. पण दामच नसेल तर जीव का ओतावा, हा राबणाऱ्याचा जुना हिशेब त्यात आहे.

प्रवाशांचे हाल झाले नाहीत, असे मी म्हणत नाही. दवाखान्याला निघालेली माणसे खोळंबलेली मी पाहिली. त्याला हाल म्हणा, खोळंबा म्हणा. ते शब्द खरे आहेत, आणि संपकऱ्यांनाही ते ऐकवले पाहिजेत.

आपल्या पुढील पत्रकाचा मसुदा सकाळी माझ्याकडे आला. 'महागाईने कंबरडे मोडले' हे वाक्य गाळून तिथे तांदूळ, तेल व गॅसचे भाव लिहावेत. 'मजुरी थकवून मजुरांना वेठीस धरले आहे' हे वाक्य मात्र तसेच राहू द्या. त्यात अलंकार नाही.