चप्पल पायातून निसटते तेव्हा



पासष्टीचे एक काका सकाळी दूध आणायला निघाले. वाटेत उजव्या पायातली चप्पल दोनदा निसटली. त्यांना वाटलं, पट्टा सैल झाला असेल. घरी येऊन चहाचा कप ओठाला लावला, तर एका कोपऱ्यातून चहा सदऱ्यावर ओघळला. बोलणंही जड येत होतं. घरचे म्हणाले, “रात्री झोप झाली नाही, जरा पडा.” दुपारी उठवायला गेले तेव्हा उजवा हात उचलत नव्हता. मग तेल गरम केलं, हातपाय चोळले. माझ्याकडे आणलं तेव्हा दिवेलागण झाली होती.

पक्षाघाताच्या या झटक्याला आपण ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो. वारं म्हटलं की शेक आणि मालीश आठवते, आणि तिथंच घात होतो. दुखणं हातापायात नसतंच, ते मेंदूत असतं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, नाहीतर वाहिनी फुटते. मोठी वाहिनी तुंबली तर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सी.टी. स्कॅन हवाच, कारण वाहिनी फुटली असेल तर तेच औषध जिवावर उठतं. म्हणून घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नका. चमच्यानं पाणीही पाजू नका. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं.

शंका आली की माणसाला हसायला सांगा, दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा, स्वतःचं नाव-गाव बोलायला लावा. तोंड वाकडं झालं, एक हात खाली आला किंवा जीभ अडखळली, तर लगेच १०८ला फोन करा. रुग्णालय असं गाठा, जिथं रात्रीही स्कॅन होतो.

कधी दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं आणि घर सुटकेचा निःश्वास टाकतं. मला तेव्हाच जास्त काळजी वाटते. मोठा झटका पुढच्या दोन दिवसांत येण्याचा धोका फार असतो. त्याच दिवशी दवाखान्यात या, बरं वाटत असलं तरी या. आणि बीपीची गोळी ‘आता काही होत नाही’ म्हणून बंद करू नका. ती चालू आहे म्हणूनच काही होत नाही.

आणखी एक, त्रास सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. माणूस झोपेतून हा त्रास घेऊनच उठला, तर रात्री शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ सांगा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. एका सुनेनं सासूबाईंच्या हातून लाटणं गळून पडताच भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीनं ‘६.४०’ लिहिलं आणि ते पान फाडून सोबत आणलं. पावणेआठला स्कॅन झाला, आठला इंजेक्शन सुरू झालं. आठव्या दिवशी मी राउंडला गेलो, तेव्हा सासूबाई खाटेवर बसून दोन्ही हातांनी स्वतःची वेणी घालत होत्या.