फोनवर झूम ब्लर: बोटं नको, हात हलवा

आज झूम ब्लर. म्हणजे फोटोत मधली वस्तू जागेवर आणि कडेचं सगळं बाहेर धावतंय असं, रेघारेघांचं. कॅमेरावाल्यांचं सोपं असतं. १८-५५ची लेन्स, शटर १/८ सेकंद, आणि शटर उघडं असतानाच झूमची रिंग फिरवायची.

डोळखांबच्या नाक्यावर आपल्या हातात असतो फोन. त्यावर दोन बोटांनी झूम करून हे होत नाही. तो झूम बहुतेक वेळा फोटो कापून मोठा करतो, बस. मग? प्रो मोड लावा, आयएसओ ५०, शटर १/४, आणि क्लिक करताना फोनच सरळ पुढे न्या.

आता गंमत ऐका. नुसत्या आजोबा पर्वतावर हे केलंत तर काहीच दिसणार नाही. डोंगर तिकडे लांब, तुमचा हात जाणार वीतभर! पण दोन फुटांवरची लोंबी अर्धा फूट पुढे गेल्यावर सव्वापटीहून मोठी होते. म्हणून बांधावर उकिडवे बसा, फ्रेमच्या कडांना भात येऊ द्या, आजोबा मधोमध. फोकस त्याच्यावर लॉक. कोपरं अंगाला चिकटलेली, हलायचं ते कमरेतून. डोंगर ठाम, भात धावतोय.

भर उन्हात मात्र फोटो पांढराफटक येतो, कारण फोनचं अ‍ॅपर्चर सहसा लहान करता येत नाही. दिवस मावळल्यावर वीसेक मिनिटांनी बघा. एसटीच्या दिव्यांवरही मस्त होतं, पण रस्त्यात उभं राहून नाही हां! दहा-पंधरा काढा, एखादा निघतोच.