न मागणाऱ्या प्राण्याची जबाबदारी



पावसाळा लागला की जिन्याखाली, उभ्या गाडीखाली, बंद दुकानाच्या पायरीवर भिजलेली मांजराची पिल्लं केविलवाणी ओरडताना दिसतात. मुलं एखादं उचलून घरी आणतात आणि ठेवायचं की नाही यावर घरात चर्चा सुरू होते. त्या चर्चेत एक वाक्य हमखास येतं : "मांजराला काय लागतंय? ते आपलं आपलं बघतं." आज मला या समजुतीबद्दलच बोलायचं आहे, कारण मांजरांचे बरेचसे हाल तिच्यातूनच होतात.

मांजर मागत नाही, तक्रार करत नाही आणि दुखलं-खुपलं तर कोपऱ्यात जाऊन गप्प बसतं. त्यामुळे त्याच्याकडे लक्ष ठेवायचं काम पूर्णपणे आपल्याकडे येतं. ते रोज जमणार असेल, तरच मांजर घरी आणावं.

आधी त्या पिल्लाचंच बघू. त्याचे डोळे मिटलेले असतील, तर ते आठ-दहा दिवसांच्या आतलं आहे. जागा कोरडी आणि सुरक्षित असेल, तर त्याला लगेच उचलू नका. आई बहुतेक वेळा खाणं शोधायला गेलेली असते किंवा एकेक पिल्लू दुसरीकडे हलवत असते. लांब उभं राहून काही तास वाट बघा. पिल्लानं किमान आठ आठवडे आईजवळ राहावं, बारा राहिलं तर फारच चांगलं. या काळात ते नुसतं दूध पीत नाही, खेळताना किती जोरात चावायचं हेही आई आणि भावंडांकडून शिकतं. आई आलीच नाही, तर त्याला गाईम्हशीचं दूध पाजू नका. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते. ती डॉक्टरांना विचारून द्यावी लागते. अगदी लहान पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा उठून पाजावं लागतं.

आता घरातल्या मोठ्यांसाठी. नीट सांभाळलेलं मांजर सहज पंधरा वर्षं जगतं. आज चौथीत असलेल्या मुलीनं आणलेलं पिल्लू म्हातारं होईल, तेव्हा ती नोकरीला लागलेली असेल. म्हणून हट्ट मुलांचा असला तरी निर्णय मोठ्यांनी घ्यायचा, तोही घरातल्या सगळ्यांना विचारून. कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, तर आधी मांजर असलेल्या घरी जाऊन त्या माणसानं दोन-चार तास बसावं. भाड्याचं घर असेल, तर मालकाशी आधीच बोलावं.

मग घराकडे बघा. मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायांवर उतरतं आणि त्याला काही होत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते हवेत वळतं हे खरं, पण त्याला लागतंच. न्यूयॉर्कमधल्या दोन पशुवैद्यांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी करून १९८७ साली ती प्रसिद्ध केली. त्यांतल्या बहुतेक मांजरांच्या छातीला मार बसला होता. जबडे आणि पाय मोडल्याच्याही नोंदी होत्या. आपल्याकडे मुंबई-पुण्यात, ठाण्यात माणसं दहाव्या-पंधराव्या मजल्यावर राहतात. गॅलरीला आणि खिडक्यांना घट्ट जाळी बसवून घ्या, आणि ती मांजर आणण्याआधी बसवा. शी-शूसाठी मातीचा किंवा लिटरचा ट्रे खाण्याच्या जागेपासून दूर ठेवा आणि रोज साफ करा. ट्रे घाण असेल तर मांजर दुसरा कोपरा शोधतं. त्याला मारून काही उपयोग होत नाही.

खाण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मांजर मांसाहारीच आहे. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो मांस-मासळीतून मिळतो. तो कमी पडला तर हळूहळू दृष्टी जाते आणि हृदय निकामी होत जातं. दूध-पोळीवर मांजर वाढवणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, पण त्यानं मांजराचं पोषण होत नाही. अनेक मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, त्यांना जुलाब होतात. घर शाकाहारी असेल, तर मांसयुक्त तयार खाद्य घरात चालेल का, हे आणण्याआधीच ठरवा. रश्श्यातले मासे देऊ नका, कारण कांदा आणि लसूण मांजरासाठी विषारी आहेत.

डॉक्टरांचा खर्च मनात धरा. सहा-आठ आठवड्यांपासून जंताचं औषध आणि लसी सुरू होतात. तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस दिली जाते, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. म्हणून पाचव्या महिन्याच्या आसपास नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. बोक्याचंही करा. त्यानं त्याचं भटकणं, भांडणं आणि घरभर मुतणं पुष्कळ कमी होतं. "एकदा तरी पिल्लं होऊ देत," असं म्हणणाऱ्यांनी, त्या चार-पाच पिल्लांना घरं कोण देणार, याचं उत्तर आधी शोधावं.

घरातलं औषध मांजराला कधीही देऊ नका. आपल्या तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांवरची काही औषधंही मांजराला घातक असतात. घरात लिलीची फुलं ठेवू नका. त्यांच्या परागांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

घरात कुणी गरोदर असेल, तर मांजर बाहेर काढायची गरज नाही. ट्रे दुसऱ्या कुणी रोज साफ करावा आणि शंका डॉक्टरांना विचारावी. मांजर चावलं किंवा त्यानं बोचकारलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा.

आता लक्ष ठेवायचं म्हणजे काय? रोज जेवलं का, पाणी प्यायलं का, शी-शू झाली का, अंग चाटून साफ करतं का, इतकं बघायचं. एक दिवस खाल्लं नाही, तर डॉक्टरांना फोन करा. उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतावर काही दिवसांतच परिणाम होतो. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो आहे आणि लघवी होत नाही असं दिसलं, तर सकाळपर्यंत थांबू नका. मूत्रमार्ग अडला तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

गणपतीत गावी जाताना, मे महिन्यात सुट्टीला जाताना त्याच्याकडे कोण बघणार? दिवाळीत फटाक्यांनी घाबरून ते पळालं तर? ही उत्तरं तयार हवीत. बदली झाली म्हणून मांजर मंडईत किंवा मासळीबाजारात सोडून यायचं, हा मार्ग नाही. पाळलेल्या प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. घरात वाढलेल्या मांजराला बाहेरच्या कुत्र्यांपासून आणि गाड्यांपासून जीव वाचवता येत नाही.

हे सगळं जमणार असेल, तर जरूर मांजर आणा. दुकानातल्या चपट्या नाकाच्या पर्शियनपेक्षा गल्लीतलं साधं देशी मांजर आणा. आपलं हवामान त्याला मानवतं आणि श्वासाचा त्रास सहसा होत नाही. घरात दिवसभर कुणी नसेल, तर मोठं, शांत मांजर घ्या किंवा दोन भावंडं एकत्र घ्या.

आणि जमणार नसेल, तर नाही म्हणा, पण तिथंच थांबू नका. त्या पिल्लाला घर मिळेपर्यंत चार दिवस आसरा द्या, गल्लीतल्या एखाद्या भाटीच्या ऑपरेशनचा खर्च उचला, जखमी मांजराला दवाखान्यात पोचवा. मुंबईकरांना परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे, तुमच्या गावातही जनावरांचे डॉक्टर असतील. त्यांचा नंबर आजच लिहून ठेवा.