आधी पाड्यावर बसा


प्रकल्प म्हटला की आपण आधी खर्चाचा तक्ता मांडतो. मी म्हणते, आधी पाड्यावर जाऊन बसा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात निर्णय सर्वसहमतीनेच होतात. एकाची हरकत असली तरी विषय पुढच्या बैठकीत जातो. याच गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.

वेळ लागतो. देणगीदारांना अहवाल हवा असतो, तेही खरे. पण वनहक्काच्या ग्रामसभेलासुद्धा निम्मे सदस्य लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. उन्हाळ्यात पाणी कुठे टिकते, हे हंडा वाहणारीलाच ठाऊक. तिला शेवटी नुसत्या अंगठ्यासाठी बोलावू नका.

आपल्या पुढच्या विहिरीचे पैसे जमले आहेत; जागा ठरलेली नाही. ग्रामसभा होईपर्यंत फलकावरची नावे कृपया पाठवू नका.